मलमलीतली राणी आणि भैरवाची पगडी

मामांनी चित्र टेबलावर पसरलं आणि पहिलं बोट ठेवलं ते बाहीवर.

"ही मलमल आहे," ते म्हणाले. "बारीक सुताची. चुणी पडलीय तिथं पांढरीशुभ्र दिसते, आणि एकेरी आहे तिथं आतली कातडी किंचित झळकते. रंगवणाऱ्यानं कापड हातात धरून पाहिलेलं आहे."

"रंगवणारीनं," मी म्हटलं. "एलिझाबेथ व्हिजे लब्रां. साल १७८३. आणि ही फ्रान्सची राणी, मारी आंत्वानेत."

"राणी?" मामांनी चष्मा वर केला. "गवती टोपी, कमरेला साधा पट्टा, हातात गुलाब. हिला राणी कोण म्हणेल?"

नेमकं हेच पॅरिस त्या वर्षी म्हणालं होतं.

मी उज्जैनला व्याख्यानासाठी आले होते. विषय युरोपातली राजेशाही व्यक्तिचित्रं, त्यातही रोकोको शैलीच्या उतरत्या काळातली. फिकट गुलाबी, निळसर, मोतिया रंग, वळणदार रेषा, रेशमावर खेळणारा उजेड असं सगळं लालित्य फ्रान्समध्ये १७२०–३०च्या सुमाराला बहरलं आणि शतक संपता संपता विझलं. मामांचं घर भैरवगढला, शहराच्या उत्तरेला क्षिप्रेच्या काठी. उज्जैनमधली बरीच मराठी घरं शिंद्यांच्या पाठोपाठ माळव्यात आली, त्यांतलंच हे एक. मामांनी जन्मभर छपाईच्या कापडाचा व्यापार केला. इथला छिपा समाज पिढ्यान्‌पिढ्या ठप्प्याची आणि बाटिकची छपाई करतो. उज्जैनच्या बाटिकला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मामांनी गल्लीत पेढे वाटले होते. त्यामुळे त्यांची नजर आधी कापडावर जाणार, हे मला ठाऊक होतं. पण त्या नजरेतून एक अख्खा सिद्धान्त निघेल, असं वाटलं नव्हतं.

"पुढं काय झालं हिचं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. हे चित्र १७८३च्या सालाँमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनात, लागलं आणि एकच गहजब झाला. राणी आतल्या कपड्यांत लोकांसमोर आली, अशी टीका झाली. मलमल परदेशी. तेव्हा उत्तम मलमल बंगालमधून युरोपात जायची. राणीच जर तिकडचं कापड अंगाला लावू लागली तर लियाँच्या रेशीम विणकरांनी काय खायचं, असाही सूर निघाला. चित्र भिंतीवरून उतरवावं लागलं. लब्रांनं घाईघाईनं दुसरं केलं. उभं राहण्याची ढब तशीच, हातात गुलाब तसाच, चेहरा तोच. फक्त अंगात निळसर रेशमी झगा, लेस, गळ्यात मोती. लोक गप्प झाले.

मामा खुर्चीत मागे रेलले. "मग तुझं व्याख्यान इथंच संपलं की. चेहरा तोच, गुलाब तोच, कापड बदललं आणि बाई पुन्हा राणी झाली. राजा कापडात असतो, पोरी. तुम्ही शिकलेली माणसं उगाच डोळ्यांत त्याचा आत्मा शोधत बसता."

"मामा, असं कसं? चेहरा काढताच आला नाही तर ते व्यक्तिचित्र कसलं? कापड तर शिंपीही दाखवतो."

"कुणा राजाचा चेहरा तुझ्या चित्रकारांनी खरा काढलाय, एक नाव सांग."

मी तिसऱ्या जॉर्जचं नाव घेतलं. ॲलन रॅम्सेनं १७६१–६२मध्ये केलेलं त्याचं राज्याभिषेकाच्या पोशाखातलं चित्र माझ्या फोनवर होतं. पुरुषभर उंचीहून मोठं तैलचित्र. भरजरी सोनेरी कोट, खांद्यावरून ओघळणारा एर्मिनचा झगा, मागे खांब, रेशमी मोज्यांतले रेखीव पाय. राजा बावीस-तेवीस वर्षांचा, गालांवर अजून पोरपण. रॅम्से इटलीत शिकलेला स्कॉटिश माणूस, पण त्याचा हात फ्रेंच चित्रकारांसारखा मऊ. त्या कोवळ्या चेहऱ्यावर मी बराच वेळ बोलले. मामांनी मात्र चित्र मोठं करून झग्याचं अस्तर पाहिलं. पांढऱ्या फरवर ओळीनं काळे ठिपके. एर्मिन म्हणजे हिवाळ्यात पांढरा पडणारा मुंगसासारखा एक छोटा प्राणी. त्याच्या शेपटीचं टोक तेवढं काळं राहतं, आणि तेच टोक असं मधे मधे शिवतात.

"किती जनावरं लागली असतील," ते पुटपुटले. मग म्हणाले, "हे चित्र एकच आहे का?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. एकच नाही. या चित्राच्या शंभरावर प्रती रॅम्सेच्या चित्रशाळेतून बाहेर पडल्या. बहुतेकदा सोबत राणी शार्लटच्या चित्राची जोडी. प्रत्येक वकिलाला, परमुलखातल्या गव्हर्नरला राजाची एक प्रत मिळायची. फिलिप रायनॅगल नावाचा रॅम्सेचा शिष्य वर्षानुवर्षं याच कामाला जुंपलेला होता. शेवटी इतका विटला, की पुढे प्राणी, पक्षी आणि निसर्गचित्रांकडे वळला.

"म्हणजे ठप्पा!" मामा उठून उभेच राहिले. "आमच्याकडं काय वेगळं होतं? सागवानाचा ठप्पा एकदा कोरला की कारागीर आयुष्यभर तोच मारतो. बाह्यरेषेचा वेगळा, भरणीचा वेगळा. कुणी विचारत नाही की या चादरीवरचं फूल कुठल्या झाडाचं. तुझ्या जॉर्जचंही तसंच. गव्हर्नराला चेहरा कशाला हवा होता? त्यानं जन्मात राजा पाहिलेला नसेल. त्याला हवा होता तो झगा."

इथं मामांचं म्हणणं मला तोडता आलं नाही. सरकारी राजचित्राचं काम खरोखर तेच असतं. राजा एका जागी असतो, अंमल दूरवर चालवायचा असतो, आणि मधल्या अंतरात त्याच्या जागी उभं राहायला काहीतरी लागतं. चौदाव्या लुईचं इयासँत रिगोनं १७०१ साली काढलेलं थोर चित्र मुळात स्पेनच्या गादीवर बसलेल्या नातवाला पाठवण्यासाठीच होतं. लुईला ते इतकं आवडलं की त्यानं ते स्वतःकडेच ठेवून घेतलं. पुढच्या शंभर वर्षांतल्या राजांनी तो खांब, तो पडदा, तो पुढे टाकलेला पाय उचलला. चेहरे बदलत राहिले.

पण मला हार मानायची नव्हती, कारण माझ्याकडे पुण्याचं उदाहरण होतं.

"जेम्स वेल्स," मी म्हटलं. "स्कॉटलंडचाच. १७९१ साली मुंबईत उतरला, पुढच्या वर्षी पुण्यात आला. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटनं त्याला पेशव्यांच्या दरबारात नेलं. शनिवारवाड्यात चित्रशाळा काढली, तिथं आपला गंगाराम तांबट त्याच्याबरोबर काम करत होता. त्या वेल्सनं सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं एकत्र तैलचित्र केलं. आज ते लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे."

"पाहिलंय मी ते. पुस्तकात."

"मग सांगा, त्यात राज्य कोण करतंय? दागिने पेशव्यांच्या अंगावर. अठरा वर्षांचं पोर, मोत्यांनी मढवलेलं. शेजारी नाना, साधे, पांढऱ्या पोशाखात. आणि बघणाऱ्याची नजर जाते कुठं? नानांच्या त्या लांबट, सावध चेहऱ्याकडे. कापड म्हणतं एक आणि चेहरा सांगतो दुसरंच. वेल्स विलायती रीतीत तयार झालेला माणूस. पडदे, झगे, फर सगळं त्याला येत असणार. पण इथं त्याला खरं सापडलं ते चेहऱ्यात. पुण्यात तेव्हा कुणाचं चालत होतं, हे त्या एका चित्रावरून कळतं."

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कळतं, कारण तुला आधीच ठाऊक आहे. ज्याला नाना कोण हे माहीत नाही, त्याला विचार. तो म्हणेल, मोतीवाला राजा आणि शेजारी त्याचा कारकून."

या उत्तरात दम आहे. मी ते अजून मनातून काढून टाकू शकलेले नाही. व्यक्तिचित्रात आपण जे वाचतो त्यातलं किती चित्रकारानं घातलेलं असतं आणि किती आपण घरून आणलेलं असतं? तरी वेल्सच्या बाजूनं एक गोष्ट उरतेच. त्यानं नानांना मोत्यांनी मढवलं नाही, आणि पेशव्यांच्या चेहऱ्यावर नसलेला अधिकारही चढवला नाही. ठप्पा मारणारा हात असं करत नाही. तीन वर्षांनी, १७९५च्या ऑक्टोबरात, सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले. पुढच्याच महिन्यात वेल्सही गेला, साष्टीत लेण्यांची चित्रं काढत असताना. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलनं इंग्लंडमध्ये बसून पेशवे दरबाराचं भलंमोठं चित्र १८०५ साली पुरं केलं. त्यात माणसं पुष्कळ आहेत, भपकाही आहे. वेल्सच्या चित्रातली ती अवघडलेली जवळीक मला त्यात सापडत नाही.

"वेल्सनं महादजी शिंद्यांचंही चित्र काढलं होतं," मी म्हटलं.

"काढलं असेल. आमच्या महादजींचं चित्र इथं आहे." त्यांनी हात केला तो काळभैरवाच्या देवळाच्या दिशेनं.

इथून वाद खऱ्या अर्थानं पेटला.

भैरवगढला ज्यांनी काळभैरवाचं दर्शन घेतलंय त्यांना माहीत आहे. शेंदरानं माखलेला मुखवटा, मद्याचा नैवेद्य, आणि डोक्यावर पगडी. ती शिंदेशाही पगडी. पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी आपली पगडी भैरवापुढे ठेवली, गेलेलं परत मिळू दे म्हणून साकडं घातलं आणि यश आल्यावर देवळाचा जीर्णोद्धार केला, असं इथं सांगतात. शिंदे घराण्याकडून देवासाठी पगडी येण्याची परंपरा तेव्हापासूनची, अशी श्रद्धा आहे.

"बघ," मामा म्हणाले, "पानिपत झालं जानेवारी १७६१मध्ये. तुझ्या जॉर्जचा राज्याभिषेक कधी?"

"सप्टेंबर १७६१."

"एकच साल. तिकडं एक पोरगा फर पांघरून चित्रासाठी उभा राहिला. इकडं आमचा माणूस पायाला कायमची जखम घेऊन, घरातली माणसं गमावून परतला. दत्ताजी आदल्या वर्षीच गेले होते, मग जनकोजी गेले, तुकोजी गेले. राणेखान भिश्ती नसता तर महादजीही उरले नसते. अशा माणसानं काय केलं? डोक्यावरची पगडी उतरवून देवाला दिली. आता त्या पगडीखाली महादजींचा चेहरा नाही, भैरवाचा आहे. आणि तरी पगडी म्हणते, इथं महादजी आहेत. राजाला चेहरा लागत नाही, याला आणखी पुरावा काय हवा?"

"मामा, मग जॉर्जच्या शंभर प्रती आणि ही पगडी यांत फरक काय राहिला?" मी विचारलं. "राजा लंडनला, त्याचं चित्र गव्हर्नराच्या दालनात. शिंदे ग्वाल्हेरला, त्यांची पगडी भैरवगढला. दौलतरावांनी १८१० साली राजधानी ग्वाल्हेरला नेली, उज्जैन मागं पडलं, पण पगडी येत राहिली. भाविक देवापुढं वाकतो तेव्हा शिंद्यांच्या पगडीपुढंही वाकतो. याहून पक्की राजमुद्रा कुठली? जॉर्जच्या चित्राला निदान फुलं वाहावी लागत नव्हती."

मामांचा आवाज चढला. "असं बोलू नकोस. पगडी उतरवणं म्हणजे काय, ते आपल्या लोकांना सांगायला लागतं का? माणूस पगडी दुसऱ्याच्या पुढं ठेवतो तेव्हा तो शरण गेलेला असतो. चित्रातला जॉर्ज सगळ्यांपेक्षा मोठा आहे. इथं महादजी बोडक्या डोक्यानं देवाच्या पायरीशी आहेत. उज्जैनचा राजा एकच, महाकाळ. दुसऱ्या राजानं या गावात रात्र काढायची नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. शिंदे आले तर पलीकडं कालियादेहच्या महालात उतरायचे. ज्या गावात राजाला मुक्काम नाही, तिथं त्यानं स्वतःचं चित्र कुठं टांगायचं?"

ही मांडणी मला सुंदर वाटते. ती पुरी पटत नाही, हेही सांगते. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी १७३०च्या दशकात महाकाळाचं देऊळ पुन्हा उभारलं, तेव्हापासून मराठी सत्तेनं माळव्यात पाय रोवले ते देवळांच्या आधारानं. श्रद्धा खरी होती आणि राजकारणही खरं होतं. १७९२मध्ये बादशहाची फर्मानं घेऊन महादजी पुण्यात आले तेव्हा उत्तर हिंदुस्थान त्यांच्या मुठीत होता, आणि तरी दरबारात त्यांनी पेशव्यांपुढं सेवकाची भूमिका घेतली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. वाकून मोठं होण्याची ती कला त्यांना साधली होती. रॅम्सेच्या राजाला ती सुचलीही नसती. पगडीतही मला तीच कला दिसते. मामांना भक्ती दिसते. दोघांनाही महादजीच दिसत होते, एवढं मात्र खरं.

मामांना थोडं शांत करावं म्हणून मी लब्रांचीच दुसरी गोष्ट काढली. १७८८ साली टिपू सुलतानाचे वकील सोळाव्या लुईकडे गेले होते. त्यांतल्या दरवेश खानाचं चित्र लब्रांला काढायचं होतं. तो तयार होईना. राजानं सांगितलं तरच बसेन, म्हणाला. राजानं सांगितलं. पांढरा जामा, कमरेला तलवार, असं उंचापुरं चित्र झालं. रंग वाळेपर्यंत ते त्याच्याकडे ठेवलं, तर त्यानं ते लपवून ठेवलं आणि परत देईना. चित्रात अजून जीव यायचाय, असं त्याचं म्हणणं, असं लब्रांनं आठवणींत लिहून ठेवलंय. शेवटी तिनं ते मिळवलं, आणि १७८९च्या सालाँमध्ये ते झळकलं.

"हा माणूस शहाणा," मामा म्हणाले. "त्याला कळलं होतं की आपल्या तोंडाचं काहीतरी त्या कापडावर राहून गेलंय."

"मग चेहऱ्यात काहीतरी असतं म्हणायचं!"

ते हसले, पण हो म्हणाले नाहीत. उठून मागच्या खोलीतून अर्धवट झालेलं एक बाटिक घेऊन आले, मेण अजून तसंच. "हे बघ. मेण तापलेलं असेल तर कापडाच्या आरपार जातं. गार पडलं तर वरच बसतं आणि रंग खालून शिरतो, नक्षी बिघडते. म्हणून कारागीर मधूनमधून कापड उलटून बघतो. आणि रंग गारच लागतो, नाहीतर मेण वितळेल." त्यांनी कापड मुठीत चुरगळलं. मेणाला बारीक तडे गेले. "आता हे रंगात गेलं की या तड्यांत रंग उतरतो. त्या रेषा कुणी काढत नाही. दोन कापडांवर त्या कधी सारख्या येत नाहीत. ठप्पा सगळीकडं एक, पण तडे प्रत्येकाचे वेगळे. चेहऱ्याबद्दल तू जे म्हणतेस ना, ते मला इथं पटतं. राजाच्या अंगावरचं कापड फाटलं, की मग काय दिसतं ते बघायचं."

तेव्हा मी राणीचं तिसरं चित्र बाहेर काढलं. ते व्याख्यानात दाखवायचं की नाही याबद्दल माझं मन ठरत नव्हतं, कारण ते तैलचित्र नाही आणि रोकोकोशी त्याचं वैरच आहे. १६ ऑक्टोबर १७९३. मारी आंत्वानेतला गाडीतून वधस्तंभाकडे नेत होते. रस्त्यालगत झाक लुई दाविद बसला होता. तो क्रांतीचा चित्रकार, राजाच्या मृत्युदंडासाठी मत देणारा. त्यानं शाईनं झरझर एक रेखाटन केलं. हात मागे बांधलेले. केस कापलेले, वर साधी टोपी. ओठ आवळलेले, पाठ ताठ. वय अडतीसला थोडं कमी, दिसते साठीची. लब्रांनं १७८७ साली हिला लाल मखमलीत, मुलांसह, रिकाम्या पाळण्याशेजारी बसवलं होतं. बिघडलेलं नाव सावरायचा तो शेवटचा मोठा प्रयत्न. मखमल काही कामाला आली नाही. दाविदच्या कागदावर मखमल, मोती, मलमल यांतलं काही नाही. काढणाऱ्याला तिच्याबद्दल कणव असण्याचं कारणही नव्हतं. तरी पाहणाऱ्याला कळतं, की ही बाई कधीतरी राणी होती.

मामा ते बराच वेळ पाहत राहिले.

"टोपी बघ," शेवटी म्हणाले. "जाडंभरडं कापड. कारण नसताना त्यानं ती इतकी काळजीनं काढलेली नाही. इथंही कापडच बोलतंय."

"आणि ओठ?"

"ओठही," ते म्हणाले. मग त्यांनी तिन्ही चित्रं टेबलावर ओळीनं लावली: मलमल, रेशीम, शाई. "उद्या अशीच लाव. पहिल्या दोघांवर मी बोलतो, दुकानातून मलमलीचे तुकडे आणतो, पोरांना हातात धरून बघू दे. तिसऱ्यावर तू बोल. आणि पगडीचा विषय निघाला तर आधी माझं म्हणणं सांग, मग तुझं."

मी कबूल केलं, फक्त पगडीचा क्रम सोडून.